यंत्राला झोप कां लागत नाहीं?



गेल्या मे महिन्यांत एका रात्रीं आमच्या नांदेडच्या घरीं जें घडलें, तें प्रथम सांगतों आणि मग मूळ विषयाकडे वळतों.

त्या दिवशीं संध्याकाळपासून वळवाचें वारें सुटलें होतें. रात्रीं साडेअकराच्या सुमारास वीज गेली. उन्हाळ्यांत हा अनुभव आम्हां मराठवाड्यांतील लोकांस नवा नाहीं, म्हणून घरांत इन्व्हर्टर बसविलेला आहे. त्याची बॅटरी १२ व्होल्टांची आणि १५० अँपिअर-तासांची. पण चार उन्हाळे पाहिलेली. दोन पंखे आणि एक दिवा एवढ्यावर ती पहाटेपर्यंत सहज पुरते, असा आमचा नेहमींचा हिशेब. माझ्या पत्नीस दम्याचा विकार आहे. सव्वातीनच्या सुमारास तिला धाप लागली. मीं उठून नेब्युलायझर लावला. तो जेमतेम मिनिटभर घुरघुरला असेल नसेल, तोंच इन्व्हर्टरनें लागोपाठ शिट्ट्या दिल्या आणि दिवा, पंखे, नेब्युलायझर हीं सर्व एकदम थांबलीं. अंधारांत चांचपडत मीं तिचा पंप शोधला. पंपाला जोडावयाचें प्लास्टिकचें नळकांडें डॉक्टरांनीं पूर्वींच घ्यावयास लावलें होतें, त्यांतून तिला औषध दिलें आणि उजाडेपर्यंत तिला खुर्चीवर पुढें वांकवून बसवून मी पुठ्ठ्यानें वारा घालीत राहिलों. पंपानें वेळ निभावली. परंतु बॅटरीनें ऐन वेळीं दगा कां दिला, हा प्रश्न कांहीं केल्या माझ्या डोक्यांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं विजेचा मिस्त्री आला. त्यानें बॅटरींतलें पाणी पाहिलें, तारा पाहिल्या, आणि “गुरुजी, बॅटरी जुनी आहे पण इतकी वाईट नाहीं, दुसरें कांहीं तरी चालू असलें पाहिजे,” असें सांगून तो निघून गेला. दुसरें काय चालू असणार? रात्रीं झोपण्यापूर्वीं मी स्वतः सर्व खोल्यांतून फिरून बटणें पाहतों. पस्तीस वर्षें शाळेच्या खिडक्या लावून घेतल्याची ती संवय आहे. त्या रात्रीं पुनः तसाच फिरलों, आणि सहज म्हणून कोपऱ्यांतील संगणकाच्या पेटीस हात लावला. ती कोमट लागली. कान जवळ नेला, तों आंत बारीक पंखा फिरत होता.

आतां हा संगणक झोपलेला आहे अशी घरांतील सर्वांची समजूत होती. पडदा काळा झालेला असे, आणि पडदा काळा झाला म्हणजे यंत्र निजलें, असा आमचा भोळा सिद्धान्त. पुष्कळ श्रोत्यांचाहि तोच असेल, म्हणून येथें थोडा थांबतों. पडदा विझणें आणि यंत्र निजणें या दोन अगदीं स्वतंत्र गोष्टी आहेत. आमच्या यंत्रांत दहा मिनिटांनीं पडदा विझावा आणि तीस मिनिटांनीं यंत्रानें निजावें, अशी योजना करून ठेवलेली होती. पहिली आज्ञा तें निमूटपणें पाळी. दुसरी पाळीत नसे. मिस्त्र्याकडून मागून आणलेला एक छोटा मापक मीं प्लगमध्यें बसविला. काळा पडदा घेऊन बसलेलें तें यंत्र ६२ वॉट खात होतें. पुढें तें खरोखरीच निजलें, तेव्हां त्याच मापकावर अवघे २ वॉट दिसले.

शिक्षकाचा हात हिशेबाकडे आपोआप वळतो. साडेअकरापासून सव्वातीनपर्यंत पावणेचार तास होतात. ६२ वॉट गुणिले पावणेचार म्हणजे सुमारें २३० वॉट-तास. नेब्युलायझरवर १३० वॉट असा आंकडा छापलेला आहे आणि तो एका वेळीं दहा मिनिटें चालवावा लागतो; म्हणजे एका खेपेस सुमारें २२ वॉट-तास. कोणाच्याहि उपयोगीं न पडतां कोपऱ्यांत जागत बसलेल्या त्या पेटीनें त्या रात्रीं दहा खेपांचें औषध खाऊन टाकलें होतें. हा हिशेब मीं पत्नीस दाखविला नाहीं. तो कागद अजून माझ्या टिपणवहींत आहे.

माझा एक पुतण्या लातुरास असतो. गंजगोलाईपासून जवळच एका खाजगी वर्गांत तो मुलांना संगणक शिकवितो. त्याला फोन केला. मीं सर्व हकीकत सांगितल्यावर त्यानें एकच प्रश्न विचारला.

“काका, तुमचा संगणक झोपून मग मध्येंच उठतो, कीं मुळीं झोपतच नाहीं?”

मला उत्तर देतां येईना. तो म्हणाला, “तें आधीं पाहा. दोन्ही रोग वेगळे आहेत, औषधें वेगळीं आहेत. आणि आणखी एक करा. तुम्ही स्वतः हातानें त्याला झोपवा, आणि तो सकाळपर्यंत झोपून राहतो का, तेंहि पाहा.”

मी त्या रात्रीं घड्याळ घेऊन बसलों. दहा मिनिटांनीं पडदा विझला. तीस झालीं, चाळीस झालीं, पेटीवरील दिवा स्थिर आणि पंखा चालूच. मग यादींतून ‘स्लीप’ हा पर्याय निवडून हातानें आज्ञा दिली. पांच-सात सेकंदांत पंखा थांबला, दिवा मंदपणें उघडझाप करूं लागला, आणि सकाळीं सहा वाजेपर्यंत तो तसाच होता. पुतण्या म्हणाला, “छान. अर्धें काम झालें. कोणी तरी त्याला झोपूं नको म्हणून विनंती करीत आहे.”

हें विनंतीचें प्रकरण समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. घरगुती संगणकांस झोप शिकविण्याचा एक आरंभींचा प्रयत्न इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनीं १९९२ सालीं केला. त्या पद्धतींत यंत्राच्या मूळ पाटीवर कोरलेली लहानशी आज्ञावलीच बहुतेक निर्णय घेई. वर काय काम चालू आहे याची तिला फारशी कल्पना नसे. पुढें डिसेंबर १९९६ मध्यें याच दोघींनीं तोशिबाच्या साहाय्यानें नवी संहिता प्रसिद्ध केली आणि निर्णयाचा अधिकार विंडोजसारख्या मुख्य कार्यप्रणालीकडे आला. तिनें झोपेच्या पायऱ्याहि ठरवून दिल्या. तिसऱ्या पायरीवरच्या झोपेंत स्मृतीपुरती वीज चालू राहून बाकी सर्व बंद होतें. चौथींत स्मृतींतील मजकूर तबकडीवर उतरवून ठेवून वीज पूर्णपणें तोडली जाते. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. तिसऱ्या पायरीवर निजलेल्या यंत्राची वीज तुटली तर न जपलेलें काम जातें. म्हणून टेबलावरच्या यंत्रांत दोहोंचा संगम असलेली मिश्र निद्रा मिळत असेल, तर ती घ्यावी. हें विषयान्तर झालें, पण उपयोगाचें आहे.

आतां ड्रायव्हर म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें एस्.टी.च्या पुढील आसनावरचे गृहस्थ उभे राहतात. संगणकांतील ड्रायव्हर ही एक लहान आज्ञावली असते आणि तिचें काम दुभाषाचें असतें. आवाज काढणारें उपकरण, छपाईचें उपकरण, जाळ्याशीं जोडणारें उपकरण या प्रत्येकाची बोली निराळी. कार्यप्रणालीला त्यांतली एकहि येत नाहीं. प्रत्येकाचा दुभाषा मध्यें उभा राहून निरोप इकडचा तिकडे करतो. निजण्याची वेळ झाली कीं कार्यप्रणाली वसतिगृहाच्या अधीक्षकाप्रमाणें फेरी मारते. एखाद्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला तर सज्जन अधीक्षक मुख्य दिवा घालवीत नाहीं. मुलगा अभ्यास करीत असेल, असें समजून तो थांबतो. दाराखालचा तो उजेड म्हणजे विनंती. चित्रपट चालू असतां किंवा एखादी मोठी फाईल उतरत असतां यंत्र मध्येंच निजूं नये, म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. पूर्वीच्या विंडोजमध्यें एखादी आज्ञावली मालकाच्या हुकुमासहि नकार देऊं शके. २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टापासून ती मुभा काढून घेण्यांत आली. म्हणूनच आमचा संगणक हातानें निजवितां येत होता, आपण होऊन मात्र निजत नव्हता. पुतण्याच्या त्या एका प्रश्नांत इतकें सगळें होतें.

दाराखालचा उजेड कोणाचा, हें पाहण्याची सोय २००९ सालच्या विंडोज सातपासून झाली आहे. ती मी सावकाश सांगतों. कागद-पेन्सिल जवळ असल्यास लिहून घ्यावें. प्रारंभाच्या यादींत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधावें आणि त्यावर माउसचें उजवें बटण दाबून, ‘प्रशासक म्हणून चालवा’ अशा अर्थाचा जो पर्याय दिसेल, तो निवडावा. मीं पहिल्या वेळीं हें न करतां सरळ उघडलें. तेव्हां तुम्हांस अधिकार नाहीं, असें उत्तर आलें, आणि माझ्याच घरांतील यंत्रानें मला असें सुनवावें याचा क्षणभर रागहि आला. काळी चौकट उघडल्यावर ‘पॉवर’ हा इंग्रजी शब्द लिहावा, त्याला जोडूनच सी, एफ, जी हीं तीन अक्षरें. मग एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि रेघेस चिकटून ‘रिक्वेस्ट्स’ हा शब्द, शेवटच्या एस्‌सकट. उत्तरांत ‘डिस्प्ले’, ‘सिस्टिम’ अशीं कांहीं शीर्षकें एकाखालीं एक येतात. ज्याच्याखालीं ‘नन्’ असेल तेथें कोणाचीहि विनंती नाहीं.

आमच्याकडे ‘सिस्टिम’खालीं एक ओळ होती. चौकटी कंसांत ‘ड्रायव्हर’, पुढें ध्वनीच्या उपकरणाचें लांबलचक नांव, आणि त्याखालीं इंग्रजींत अशा अर्थाचें वाक्य, कीं ध्वनीचा एक प्रवाह सध्यां वापरांत आहे.

चोर सांपडला, असें मला वाटलें. घरांत तर कसलाच ध्वनि नव्हता! तेव्हां हा दुभाषा धडधडीत खोटें बोलत आहे, असा निष्कर्ष मीं काढला. सर्व खिडक्या बंद केल्या, ओळ तशीच. संगणक बंद करून पुनः सुरू केला, ओळ तशीच. मग पाटी बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तिच्याच नमुन्याचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला, जुना काढून तो बसविला. यांत सारी दुपार गेली, मध्यें एकदां वीजहि गेली, आणि ओळ तशीच. मी पुतण्यास म्हटलें, “तूं सांगतोस तें सर्व झालें, पण हा गडी कांहीं ऐकत नाहीं.” त्यानें घाईंत होता म्हणून एक आडवाट सांगितली. त्याच आज्ञेंत ‘रिक्वेस्ट्स’च्या जागीं ‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’ लिहून पुढें ‘ड्रायव्हर’ हा शब्द, मग दुहेरी अवतरणचिन्हांत उपकरणाचें नांव आणि शेवटीं ‘सिस्टिम’ असें लिहिलें, म्हणजे त्या उपकरणाच्या विनंतीकडे कानाडोळा करण्याची कार्यप्रणालीस आज्ञा होते. मीं तसें केलें. त्या रात्रीं बरोबर तिसाव्या मिनिटास पंखा थांबला. मीं पुतण्यास शाबासकी दिली आणि चार दिवस मोठ्या समाधानांत गेले.

पांचव्या दिवशीं दुपारीं पत्नी संगणकावर ध्वनिमुद्रित कीर्तन ऐकत पडली होती. कीर्तन ऐन रंगांत आलें असतां खोली एकाएकीं शांत झाली. तिनें मला हांक मारली. मीं पाहिलें, तों यंत्र गाढ निजलेलें. तीस मिनिटें कोणी कळफलकास हात लावला नव्हता, आणि कीर्तन चालू आहे हें सांगणाऱ्या दुभाषाचें तोंड मींच बांधून ठेवलें होतें. तेव्हां मला उमगलें कीं मीं रोग बरा केला नव्हता. रोग्यास बोलण्याची बंदी केली होती.

मग पुतण्या एका रविवारीं प्रत्यक्ष नांदेडास आला. गाडींतून उतरून चहा होतो न होतो तोंच तो यंत्रापुढें बसला. त्यानें प्रथम विचारलें, “काका, याला तुम्ही ध्वनिग्राहक कधीं जोडला?” ध्वनिग्राहक मीं हिवाळ्यांत घेतला होता. पुण्यास असलेल्या नातवंडांसाठीं मी गोष्टी वाचून मुद्रित करतों आणि पाठवितों. वाचतांना आपला आवाज कानावरच्या यंत्रांत आपल्यालाच ऐकूं यावा, म्हणजे चूक लगेच कळते, या हेतूनें मींच कोठें तरी एक खूण केली होती आणि ती साफ विसरून गेलों होतों. पुतण्यानें ध्वनीची जुन्या धर्तीची चौकट उघडली, ‘रेकॉर्डिंग’ या पानावर ध्वनिग्राहकाचें नांव निवडून त्याचे गुणधर्म काढले, आणि ‘लिसन’ या पानावरची एक खूण मला दाखविली. ‘हें उपकरण ऐका’, असा तिचा अर्थ. ती खूण असली कीं ध्वनिग्राहकांत शिरणारा प्रत्येक आवाज अखंडपणें ध्वनिक्षेपकाकडे वाहत राहतो. आमचे ध्वनिक्षेपक रात्रीं बंद असत म्हणून आम्हांस कांहीं ऐकूं येत नसे. पण आंत प्रवाह चालूच होता. भिंतीवरचें घड्याळ, रस्त्यावरचीं कुत्रीं, पत्नीचा खोकला, हें सारें तें यंत्र हिवाळ्यापासून रात्रभर ऐकत बसलें होतें, आणि तसें तें प्रामाणिकपणें लिहूनहि दाखवीत होतें. खोटारडा म्हणून ज्याला मीं हांकलून दिलें तो बिचारा जुना ड्रायव्हर आणि त्याच्या जागीं आणलेला नवा, दोघेहि शब्दशः खरें बोलत होते.

खूण काढली. पुनः ती आज्ञा दिली. ‘सिस्टिम’खालीं ‘नन्’ आलें. मग आडवाटेची आज्ञा मागें घेणें राहिलें होतें. तीच ओळ शेवटचा ‘सिस्टिम’ हा शब्द गाळून लिहिली म्हणजे कानाडोळा करण्याचा हुकूम रद्द होतो, आणि ‘रिक्वेस्ट्सओव्हरराइड’च्या पुढें कांहींच न लिहिल्यास असे कोणकोणते हुकूम शिल्लक आहेत त्यांची यादी मिळते. आमची यादी रिकामी आल्यावरच पुतण्या जेवावयास उठला.

ड्रायव्हर नेहमींच असा निर्दोष असतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. कधीं कधीं त्याच्या रचनेंतच खोट असते. काम संपल्यावरहि तो विनंती मागें घेण्यास विसरतो. अशा वेळीं उपकरणाची तार काढून पाहावी. ओळ नाहींशी झाली तर दोष तेथेंच आहे, आणि मग नवा ड्रायव्हर बसविणें किंवा नव्यापासूनच त्रास सुरू झाला असल्यास जुन्याकडे परत जाणें, हा खरा उपाय. कधीं विनंती करणाराचें नांव ‘लेगसी कर्नेल कॉलर’ एवढेंच येतें. हा जुन्या पद्धतीनें विनंती करणारा कोणी तरी निनांवी ड्रायव्हर असतो. तेथें एकेक जोडलेलें उपकरण सोडवून पाहण्यास पर्याय नाहीं; काम कंटाळ्याचें आहे, पण एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर कशानें गुण आला तें कळत नाहीं. दुपारभर खपून मीं हीच चूक केली होती.

ज्यांचा संगणक निजतो पण मध्यरात्रीं आपोआप उठतो, त्यांनीं रिक्वेस्ट्सच्या जागीं ‘लास्टवेक’ लिहावें. शेवटीं कोणीं उठविलें तें बहुधा कळतें. ‘वेकटायमर्स’ लिहिल्यास उठविण्यासाठीं लावलेल्या गजरांची यादी मिळते. पुष्कळदां गुन्हेगार माउस असतो; टेबलास धक्का लागला तरी तो हांक मारतो. जाळ्याचें कार्डहि हें करूं शकतें, कारण दुरून उठविण्याचा एक ठराविक संदेश त्याला समजतो. उपकरणांच्या यादींत त्या त्या उपकरणाच्या गुणधर्मांत विजेसंबंधींचें पान असतें. ‘या उपकरणास संगणक उठवूं द्यावा’, ही खूण तेथें काढून टाकावी. कळफलकाची मात्र ठेवावी, नाहीं तर उठविणार कशानें? अलीकडच्या पुष्कळशा लॅपटॉपांत झोपेची ती जुनी तिसरी पायरीच नसते. मोबाइल फोनाप्रमाणें ते डोळे मिटून अर्धवट जागे असतात. आपल्या यंत्रास कोणती झोप येते हें तिरप्या रेघेपुढें नुसतें ‘ए’ हें अक्षर लिहिल्यास समजतें. विंडोज न वापरणाऱ्यांसहि अशा सोयी आहेत. मॅकवर ‘पीएमसेट’ नांवाची आज्ञा हेंच काम करते, असें पुतण्यानें सांगितलें आहे.

राहतां राहिली बॅटरी. मिस्त्र्याकडून संगणकाची तार इन्व्हर्टरच्या जोडणींतून काढून घेतली आणि नेब्युलायझरसाठीं पलंगाशेजारीं वेगळा प्लग करून घेतला. संगणकास एक लहानसा यूपीएस् आहे. वीज जातांच पांच-दहा मिनिटांत काम जपून ठेवण्यास तो पुरतो. जुलैमध्यें एकदां रात्रीं दहापासून पहाटे चारपर्यंत वीज नव्हती. साडेतीनला पत्नीस थोडी धाप लागली म्हणून नेब्युलायझर लावला. तो पुरीं दहा मिनिटें चालला.